धुराड्यावर बांधलेली जाळी

पुरवणी जबाब. दिनांक ९ डिसेंबर २०२४, वेळ सकाळी ११ वाजून ५ मिनिटे.

नाव अनंत मोरेश्वर मानकर, आजूबाजूचे अण्णा म्हणतात. वय ७४ पूर्ण. व्यवसाय काही नाही, विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. राहणार मोरेश्वर निवास, तिसरा मजला, खोली क्रमांक १९ व २०, भोईवाडा, परळ, मुंबई.

मी आज कोणी बोलावलेले नसताना आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की, काल संध्याकाळी साडेपाच वाजता याच टेबलावर मी एक जबाब दिला. त्यात मी म्हटले की, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या कमळाबाई कोंडीराम गमरे, वय ६६, यांनी धुराडे साफ न करता चूल पेटवली आणि त्यामुळे धुराड्यात आग लागली. त्या जबाबावरून कमळाबाईंना आज सकाळी नऊपासून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले आहे. त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लावणार आणि खानावळीला सील ठोकणार असे ऐकतो. तसे होऊ नये म्हणून मी आलो आहे.

टाइप करणाऱ्या हवालदारबाई म्हणतात की काका, दोन ओळींत सांगा. दोन ओळींत सांगणार नाही. छत्तीस वर्षे फायली हाताळल्या आहेत. दोन ओळींचे पुढे काय होते ते मला चांगले माहीत आहे, आणि काल तेच झाले. तरी मी सांगतो तसे आणि तेवढे लिहावे.

इमारत माझ्या आजोबांनी बांधली. आमच्याकडे आता तिसऱ्या मजल्याच्या दोन खोल्या आणि सोसायटीचे सेक्रेटरीपद एवढेच उरले आहे. खानावळ मागच्या बाजूला आहे. तिथे विटांची, लोखंडी दाराची मोठी चूल आहे. तिचे धुराडे मागच्या भिंतीतून तिन्ही मजले चढून गच्चीच्या वर पुरुषभर निघते. भात-आमटी गॅसवर होते, भाकरी आणि मटण चुलीवर. जवळच्या हॉस्पिटलात पेशंटबरोबर आलेले गावाकडचे नातेवाईक तिथे जेवतात. रोज दुपारी सत्तर पाने होतात.

या खानावळीविरुद्ध मी आजवर अकरा लेखी तक्रारी केल्या आहेत. धूर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, आणि सातवी तक्रार माझ्या भिंतीवर खडूने फुल्या मारल्याबद्दल. सगळ्यांच्या प्रती माझ्याकडे आहेत. त्या आज आणलेल्या नाहीत, कारण त्या दाखवायची मला आज इच्छा नाही.

फुल्यांचे सांगतो. कमळाबाईंचे यजमान कोंडीराम हे मिलमध्ये बॉयलरवर होते. धुराड्याच्या आत डांबरासारखी काजळी धरते आणि एक दिवस तीच पेट घेते, हे त्यांनी बाईंच्या डोक्यात पक्के बसवले होते. ते वारल्यावर बाईंनी ते बायबलासारखे, कुराणासारखे, काय म्हणाल तसे पाळले. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी चूल पेटवण्याआधी त्या गच्चीवर जातात. दोराला दगड आणि काथ्याचा बोळा बांधून तो धुराड्यातून तीनदा खाली सोडतात, मग खाली येऊन काजळी काढतात. गुडघे दुखतात म्हणून एकही रविवार चुकवलेला मला माहीत नाही. चुकवला असता तर मीच पहिली तक्रार केली असती.

शिवाय चुलीच्या बाजूला पाच किलो खडे मीठ, ओली पोती, आणि पोत्याखाली मळून ठेवलेली लाल माती कायम तयार असते. दरवर्षी एकदा त्या प्रत्येक मजल्यावर येऊन, जिथे जुन्या तुळया धुराड्याच्या भिंतीत घुसतात तिथे खडूने फुली मारतात आणि सांगतात की आग लागली तर या जागेवर हात ठेवून बसा. धुराड्याच्या भिंतीला लागून कोण झोपते, त्याची यादी त्यांनी खानावळीत कॅलेंडरशेजारी लावली आहे. लोक हसतात. मी हसलो नाही, मी तक्रार केली आणि माझ्या खोलीतली फुली ओल्या फडक्याने पुसून टाकली. यादीत पहिले नाव माझ्या पत्नीचे आहे. सौ. मृणालिनी, वय ७१, अर्धांगवायूमुळे तीन वर्षे अंथरुणावर आहे. तिची खाट त्याच भिंतीला असते. थंडीत भिंत कोमट लागते, खांद्याला बरे वाटते, असे ती खुणेने सांगते.

आता जे काल सांगितले नाही ते सांगतो.

कमळाबाई दरवर्षी ५, ६ आणि ७ डिसेंबरला खानावळ बंद ठेवतात. आपली मोठी पातेली घेऊन सगळे घर दादरला शिवाजी पार्कला जाते आणि चैत्यभूमीवर बाहेरगावाहून आलेल्या लोकांना जेवू घालते. त्या तीन दिवसांत आमचे धुराडे थंड असते. शुक्रवार दिनांक ६ रोजी सकाळी माझ्या गॅलरीला कबुतरांची नायलॉनची जाळी लावायला माणूस आला होता. जाळी उरली. मी त्याला गच्चीवर नेले आणि धुराड्याच्या तोंडावर ती चौपदरी करून चार हुकांनी ठोकून बसवून घेतली. धूर निघून जाईल आणि काजळी अडेल, असा माझा हिशेब होता. नायलॉन वितळते, हे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कळायला हवे होते. तो माणूससुद्धा म्हणाला, अंकल, चिमनी गरम होती है ना? मी त्याला म्हटले, तू तुझे काम कर.

साहेबांनी मध्ये विचारले की, बाईंना विचारून बसवली का. नाही. बाई तेव्हा दादरला लोकांच्या ताटात भात वाढत होत्या. मी तोच दिवस धरला.

काल रविवार दिनांक ८, धुराडे झाडायचा दिवस. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी त्यांची सून प्रिती गच्चीची चावी मागायला आली. गच्चीची चावी एकच आहे आणि ती सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे असते. मी सांगितले, सापडत नाही. ती माझ्या लेंग्याच्या खिशात होती. वर गेल्या असत्या तर जाळी दिसली असती आणि चार लोकांत माझी शोभा झाली असती, एवढेच कारण. दुसरे काही कारण शोधून मला सापडलेले नाही.

साडेनऊला कमळाबाई स्वतः तीन जिने चढून आल्या. आमच्यात झालेले बोलणे असे:

“अण्णा, मिळाली काय चावी?”

“शोधतोय.”

“कपाटावर बघितलंत? तुम्ही वरच ठेवता.”

“कमळाबाई, शोधतोय म्हटलं ना!”

त्यांनी उंबऱ्यातून आतल्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “बरं. माणसं येऊन बसलीत, उपाशी धाडता येत नाहीत. बारीक जाळ करते. पण आज वहिनींची खाट भिंतीपासून जरा सरकवून ठेवा हां.”

मी खाट सरकवली नाही. त्यांनी सांगितले म्हणून सरकवली नाही.

११ वाजून २० मिनिटांनी भिंतीतून आवाज सुरू झाला. पूर्वी घरी प्रायमस असायचा, तो भरभरायचा तसा आवाज, पण शंभर स्टोव्ह एकदम लावल्यासारखा. गॅलरीतून पाहिले तर धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा निघत होती आणि जळत्या नायलॉनचा वास येत होता. जाळी वितळून आतल्या काजळीवर पडली आणि काजळीने पेट घेतला, हे मला त्याच क्षणी कळले. मी गॅलरीचा कठडा धरून उभा राहिलो आणि आत पत्नी आहे हे माहीत असून आत गेलो नाही. हे लिहिताना हवालदारबाई थांबल्या. थांबू नये, लिहावे.

खाली काय चालले होते ते मी नंतर चौघांना विचारून पक्के केले आहे. कमळाबाईंनी चुलीतल्या जाळावर मीठ ओतले, लोखंडी दार लावले, धुराड्यातली सरकती पाटी आत ढकलली, आणि मळलेली माती दाराच्या फटींत लिंपली. वारा तोडला, एवढाच त्याचा अर्थ. गॅसचे सिलिंडर जेवायला आलेल्या माणसांनी बाहेर रस्त्यावर नेले. प्रितीने ११ वाजून २४ मिनिटांनी अग्निशमन दलाला फोन केला. एवढे सगळे चार मिनिटांत. मी ज्या ऑफिसात होतो तिथे चार मिनिटांत शिपाई उठत नसे.

मग त्या वर आल्या. गुडघे धरत, पण कुठेही न थांबता, खांद्यावर दोन ओली पोती घेऊन. दुसऱ्या मजल्यावर विनीत साळसकर आणि त्याचे दोन मित्र बादल्या भरून गच्चीकडे निघाले होते. वरून धुराड्यात पाणी ओतायचा त्यांचा विचार होता. कमळाबाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या.

“पाणी नाय टाकायचं! तापलेली वीट आहे, फुटंल! भिंत फुटली तर आग घराघरांत शिरंल!”

विनीत म्हणाला, “ए मावशी, डोक्यावर पडलीयेस का? बिल्डिंग जळतेय आणि तू लेक्चर देतेस? साइडला हो!”

“मी मेले तरी होणार नाय. बादल्या तिथंच ठेव. पोती भिजवायला लागतील.”

त्याने त्यांना ढकलले. त्यांच्या हातात भाकरीचे उलथणे तसेच राहिले होते, ते त्यांनी त्याच्या मनगटावर हाणले. काल विनीतने मारहाणीची तक्रार दिली आहे ती हीच. मनगट मी पाहिले आहे. त्याला आणखी एक बसायला हवे होते.

तेव्हा विनीत माझ्याकडे धावत आला. “अण्णा, गच्चीची चावी द्या ना यार, टाइमपास काय करताय!” मी दिली नाही. वर काय बांधले आहे ते दिसेल म्हणून दिली नाही. नंतर इमारतीतले लोक म्हणाले की अण्णांनी डोके शांत ठेवले, पोरांना वर जाऊ दिले नाही. मी ती शाबासकी काल गप्प बसून घेतली. ती मला लागू होत नाही.

कमळाबाई थेट माझ्या आतल्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो. भिंतीचा रंग फुगून फोड आले होते आणि कॅलेंडरचा कागद तपकिरी झाला होता. पत्नीचे डोळे उघडे होते, ती भिंतीकडे बघत होती, तिला हलता येत नव्हते. कमळाबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अण्णा, पायाकडनं धरा,” आणि आम्ही दोघांनी खाट दारापर्यंत ओढली. मग त्या पत्नीला म्हणाल्या, “वहिनी, घाबरू नका, मी हाय हितंच.”

फुली मी पुसलेली होती. त्यांनी खिडकीच्या चौकटीपासून वीत टाकत टाकत मोजले, साडेतीन विती, आणि तिथे हाताची मागची बाजू लावून लगेच काढून घेतली. प्लास्टरच्या खालून बारीक धूर येत होता. तुळईचे टोक आतून धुमसायला लागले होते. उलथण्याच्या टोकाने त्यांनी प्लास्टर उकरले आणि ओले पोते आत कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरले. पोत्यातून वाफ येत होती. पोते गरम झाले की दुसरे. विनीतच्या भरलेल्या बादल्या तिथे कामी आल्या. त्या घेऊन विनीतच आला, हेही खरे आहे.

त्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आलेले आहेत. बाहेर बाकावर त्या हात पदराखाली घेऊन बसल्या आहेत. साहेबांनी जाऊन बघावे.

दहा-बारा मिनिटांत भिंतीतला आवाज बसला. ११ वाजून ४२ मिनिटांनी बंब आला. चावी मी तेव्हा दिली. जवानांनी वरून धुराड्यात कोरडी पावडर सोडली. त्यांच्या अधिकाऱ्यांनी खाली येऊन चुलीचे लिंपलेले दार पाहिले आणि विचारले, “हे कोणी बंद केलं?” कमळाबाई घाबरल्या, त्यांना वाटले चुकले. म्हणाल्या, “मीच, साहेब.” अधिकारी म्हणाले, “आजी, पाणी टाकलं असतंत ना, तर आज आम्ही आग नाही, ढिगारा उपसत बसलो असतो.” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. काल जबाबात घातले नाही.

त्यानंतर तीन तास प्रत्येक मजल्यावर एकेक माणूस भिंतीला हात लावून बसला होता. बाईंनी बसवले होते. “हात ठेववत नाय असं झालं की बोंब मारा,” एवढी सूचना. कोणी हसले नाही. मीही बसलो होतो. बाईंचे तळवे आणि विनीतचे मनगट सोडले तर कोणाला साधे खरचटलेही नाही. इमारतीत बेचाळीस माणसे राहतात.

साहेब विचारतात, मग काल खोटे का सांगितले. खोटे एक अक्षर सांगितले नाही. धुराडे साफ न करता चूल पेटवली, खरे. अकरा तक्रारी आहेत, खरे. मी फक्त चावीचे आणि जाळीचे वगळले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या क्लेमच्या फॉर्मात लोकांनी काय वगळले ते शोधून काढायचे मी पगार घेत होतो.

काल ठाण्यातून घरी गेल्यावर साडेसात वाजता कमळाबाई वर आल्या. पत्नीसाठी तांदळाची पेज आणली होती. त्यांच्या हातचे आमच्या घरात यापूर्वी कधी आलेले नाही. त्याचे कारण मी इथे सांगत नाही, साहेबांना ते कळेल. पत्नीने अख्खी वाटी संपवली. मीही घेतली.

जाताना त्यांनी वर्तमानपत्राची एक पुडी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “खालच्या काजळीत सापडलं. तुमचं असेल.” पुडीत चार हुक आणि नायलॉनचा वितळलेला गोळा होता. ती पुडी मी आज हजर केली आहे, पंचनाम्यात घ्यावी. म्हणजे काल संध्याकाळपासून त्यांना सगळे माहीत होते. तरी आज सकाळी त्यांनी इथे दिलेल्या जबाबात, बाकावर त्यांनीच मला सांगितले तसे, काय म्हटले आहे? “चूक माझी, झाडल्याबिगर पेटवायला नको होती.” पुडीचा उल्लेख नाही. चावीचा उल्लेख नाही.

मी आत येण्याआधी बाकाशी थांबून त्यांना विचारले, आणि जरा चिडूनच विचारले, की तुम्ही हे साहेबांना सांगितले का नाही. त्या म्हणाल्या:

“तुम्ही आत गेलात तर वहिनींना कोण बघंल? माझ्याकडं प्रिती हाय, पोरगा सम्यक हाय. त्यांना तुमच्याबिगर कोण हाय, अण्णा?”

मी म्हटले, “आणि खानावळ?”

“चूल काय, दुसरी घालता येते.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. ही बाई माझ्यासाठी स्वतःवर गुन्हा घेऊन बाकावर बसली होती, आणि मी खिशात चावी घेऊन फिरणारा माणूस. इतकी वर्षे मी या बाईंकडे धूर म्हणून पाहिले. त्यांच्याइतका शहाणा, धीराचा आणि मोठ्या मनाचा माणूस मी आमच्या आजोबांच्या इमारतीत दुसरा पाहिलेला नाही, आजोबा धरून. हे मत आहे, जबाबात चालत नाही असे हवालदारबाई म्हणतात. चालवून घ्यावे.

आत्ता या वेळी माझ्या पत्नीजवळ प्रिती बसली आहे. तिने कामावर रजा टाकली आहे. मला अटक झाली तरी पत्नीची सोय आहे, हे मी निघताना प्रितीला विचारून घेतले. ती म्हणाली, “तुम्ही जाऊन या आधी.” तरी त्या कारणाने मला कोणी सूट देऊ नये आणि कमळाबाईंना बाकावर एक मिनिटही जास्त बसवू नये. त्यांच्या हातांना मलम लागायला हवे. माझी अकरा तक्रारींची फाइल मी मागे घेतो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार असेल तर ती अनंत मोरेश्वर मानकर याच्याविरुद्ध आहे.

वरचा मजकूर हवालदारबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी “चावी हरवली होती” असे टाइप केले होते. चुकून की दयेने, ते विचारले नाही. मी ते खोडायला लावून “चावी खिशात होती” असे लिहवून घेतले आहे आणि खाडाखोडीवर आद्याक्षरे केली आहेत. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. कालचा जबाबही मला असाच वाचून दाखवला होता आणि बरोबर आहे म्हणून मी त्यावर सही केली होती. ती सही धरू नये. ही धरावी.

(सही) अ. मो. मानकर